झगा, काठी आणि तिसरा मजला

बायबलमधल्या, पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय चर्चच्या मंडळीत वाचला जातो तो बहुधा अंत्यविधीला. धाव संपवली, विश्वास राखला, इथवर आलं की पुस्तक मिटतं. गावोगाव फिरून ख्रिस्ताचा प्रचार करणारा प्रेषित पौल मात्र तिथे थांबलेला नाही. सहा वचनांनंतर तो लिहितो की त्रोवस गावी कर्प नावाच्या माणसाकडे माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये. पुस्तकंही आण, चर्मपत्रं तर नक्कीच. आणि शेवटाकडे पुन्हा आठवण करतो, हिवाळ्याआधी ये. कैदेत आहे, मरण समोर दिसतंय, आणि माणसाला थंडीची काळजी आहे. व्यासपीठावरून यावर सहसा कुणी बोलत नाही. परमुलखात सेवेला गेलेल्या मिशनऱ्याला मात्र हे वचन अडवतं. जन्मभर देत आलेला माणूस इथे बिनसंकोच मागतोय, आणि सेवेतल्या माणसांना नेमकं मागणंच जड जातं.

मिशनरीच्या कामाचे धडे शास्त्रात असे कडेकडेला पडलेले असतात. पत्रांच्या शेवटच्या सलामांत, प्रवासाच्या नोंदींत, सामानाच्या यादीत. कॅलेंडरच्या पानावरचं रोजचं एक वचन वाचून ते हाती लागत नाहीत.

म्हणून पत्र आधी पत्रासारखं, एका बैठकीत वाचावं. फिलेमोनाला लिहिलेलं 25 वचनांचं पत्र चहा निवायच्या आत संपतं. फिलिप्पैकरांस पत्राची 104 वचनं मोठ्याने वाचायला पंधराएक मिनिटं पुरतात. या पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायचीच नाही. दुसऱ्या दिवशी एकच अध्याय, आणि खुणा फक्त माणसांच्या नावांना, गावांना, आणि ‘म्हणून’, ‘पण’ असल्या शब्दांना. तिसऱ्या दिवशी एक परिच्छेद घेऊन बसायचं आणि पाहायचं की कोण कुणाशी बोलतंय, याच्या आधी काय झालंय. बायबलच्या मागचे नकाशे उघडे ठेवावेत. मग वहीत एकच वाक्य, तेही ‘मी’ने सुरू होणारं. ‘आपण सर्वांनी’ अशी सुरुवात झाली की समजावं, उपदेशाची तयारी चालू झाली. ही खोड फार चिवट. समोर शास्त्र उघडं असतं आणि डोक्यात संध्याकाळची सभा; वचन आपल्याला लागायच्या आत ते अमक्यातमक्याला कसं चपखल बसतंय तेच दिसू लागतं.

दुसरी खोड वचन खुडण्याची. ‘मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे’ हे फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13 परीक्षेपासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत कुठेही चिकटवलं जातं. आधीची दोन वचनं वाचली तर पौल सांगतोय की भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही परींनी राहायला मी शिकलोय. सामर्थ्य मिळालंय ते जिंकण्याचं नव्हे, निभावण्याचं. यिर्मया 29:11 मधल्या हिताच्या संकल्पांचीही तीच गत. ते वचन फ्रेम करून भिंतीवर लागतं, पण ते पत्र बाबेलला नेलेल्या बंदिवानांना आहे, आणि एकच वचन आधी 70 वर्षांची मुदत सांगितलेली आहे. त्याच्याही आधी, पाचव्या ते सातव्या वचनात, खरा कामाचा मजकूर: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नेमणुकीवर येऊन परतीचे महिने मोजत बसलेला मिशनरी इथे बरोबर सापडतो.

काठीचं प्रकरण वेगळं. येशूने बारा शिष्यांना प्रचाराला पाठवलं तेव्हा मार्काच्या शुभवर्तमानाप्रमाणे काठी न्यायची परवानगी आहे, वहाणाही चालतात. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांप्रमाणे काठीसुद्धा नको. नवख्याची यावर झोप उडते. मेळ घालायचे प्रयत्न पुष्कळ झालेत, सगळे पटतातच असं नाही. मात्र काठीवर अडून बसलं की तिघेही एकमुखाने सांगतात ते निसटतं: ज्या घरी उतराल तिथेच निघेपर्यंत राहा. लूक दहाव्या अध्यायात आणखी बजावतो, घरं बदलू नका, पुढ्यात येईल ते खा. यामागचा व्यवहार कळायला नगरकडचं कुठलंही गाव पुरे. पहिल्या घरची भाकरी-ठेचा सोडून दोन दिवसांनी मुक्काम वाड्यावर हलवून बघा. पहिलं घर दुखावतं ते दुखावतंच, शिवाय वाड्याशी ज्यांचं वैर त्यांच्याही दाराला कडी लागते. पुढे कितीही गोड बोला.

पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सेवेच्या प्रवासाला निघालेल्या योहान मार्काची गोष्ट तर दोन पुस्तकांत विखुरली आहे. प्रेषितांची कृत्ये 13:13 मध्ये तो पिर्गाहून यरुशलेमेला परत फिरतो. हेही पुस्तक लिहिणारा लूक कारण देत नाही. पंधराव्या अध्यायात त्याच्यावरूनच पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसतं की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मग झग्याच्याच अध्यायात, दोन वचनं आधी, पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेत मला उपयोगी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. नॉट आजारपणामुळे 1815 मध्ये मायदेशी परतले. हॉल 1826 मध्ये दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेले. गुणगान हॉल यांचं होतं, ते रास्तच आहे. पण परतलेल्या माणसाबद्दल मंडळीत जी कुजबुज चालते, तिच्यापेक्षा लूकचं कारण न देणं कितीतरी सभ्य.

आणि तिसरा मजला. त्रोवसातच पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. माडीवर पुष्कळ दिवे होते हे लूक मुद्दाम नोंदवतो, म्हणजे आत उकडत असणार, हवा कोंदली असणार. उपदेशक यातून श्रोत्यांनी जागं राहावं असा बोध काढतात. मिशनऱ्याने तो घड्याळाकडे बघून काढावा. लोक दिवसभर राबून आलेले असतात. अर्ध्या तासानंतर त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द नाही. पौलाने मात्र यातून काहीच बोध घेतलेला दिसत नाही. पोरगं जिवंत आहे असं सांगून तो पुन्हा माडीवर गेला, भाकर मोडली, आणि पहाट होईपर्यंत बोलत राहिला.