अंगठा सुटायला लागलाय: प्राइन, सातवा महिना

मागच्या नोंदीत मी ७२ बीपीएमवर (मिनिटाला ७२ ठोके) अडकलो होतो. आता ९२ ला हात टिकतो, तोही गाता गाता. ९६ ला अजून गाडी घसरते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मी जॉन प्राइन या अमेरिकन गायक-गीतकाराची गाणी गिटारवर बसवतोय. याच्या गाण्यांत कॉर्ड तीन-चारच, त्यामुळे दोन महिन्यांत दहा गाणी होतील असा माझा हिशेब होता. सात महिने झाले आणि घरच्यांना ऐकवण्यासारखी दोनच झालीत. डाव्या हाताची काही तक्रार नाही. घोडं अडतं ते उजव्या अंगठ्यापाशी.

अंगठ्याने बेसच्या दोन तारा आलटून पालटून वाजवायच्या. जी कॉर्डला सहावी आणि चौथी, सीला पाचवी आणि चौथी. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या तारांवर, बहुतेक वेळा मात्रेच्या मध्ये पडणारं. बोटांनी काहीही केलं तरी अंगठ्याने ढळायचं नाही. माझा अंगठा मात्र भलताच मनमिळाऊ, तर्जनी जिकडे जाईल तिकडे तिच्या मागे. शेवटी तीन आठवडे बोटं बंद ठेवून नुसता अंगठा वाजवला, टीव्हीसमोर बसून. कंटाळवाणं काम आहे, पण त्यानेच फरक पडला.

या पद्धतीला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात, गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या नावावरून. तो १९१७ साली केंटकीच्या म्यूलनबर्ग काउंटीत जन्मला, कोळसा खाणींच्या पट्ट्यात. तो शिकला मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडून, दोघेही खाणकामगार. त्यांच्याही मागे गेलं तर आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक भेटतो. तो १९३१ मध्ये गेला आणि त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. सगळा वारसा हातातून हातात आलेला, हे वाचून मला आपली घराणी आठवली.

आणि प्राइनचे आईवडील मूळचे याच काउंटीतले! तो स्वतः १९४६ मध्ये शिकागोजवळच्या मेवूडला जन्मला. मोठा भाऊ डेव्ह याने त्याला चौदाव्या वर्षी गिटार शिकवली. वडिलांचं गाव पॅरडाइज. तिथे सरकारी कोळसा वीजकेंद्र उभं राहिलं, राख पडू लागली आणि १९६७ मध्ये अख्खं गाव पाडून टाकलं. त्यावरचं ‘पॅरडाइज’ हे गाणं त्याने वडिलांसाठी लिहिलं. ते १९७१ च्या पहिल्या अल्बममध्ये आहे आणि त्यात फिडल वाजवलीय डेव्हनेच.

या महिन्यात मी तेच घेतलं होतं. गाणं तीनच्या लयीत, त्यामुळे चारच्या लयीत पाठ झालेला अंगठा पहिल्या दिवशी पार गोंधळला. मग लहानपणचा तबला कामी आला. तीन-तीनच्या दोन मोजण्या मिळून दादरा धरला: धा धी ना, धा ती ना. डी कॉर्ड असेल तर समेवर चौथी तार, खालीवर (चौथ्या मात्रेवर) पाचवी तार, दोन्ही मोकळ्या. उरलेल्या मात्रांवर बोटं. अर्ध्या तासात बसलं. तबल्याचे सर हे ऐकून काय म्हणतील, हा विचार मी करत नाही.

गळ्याचा प्रश्न वेगळा. डीमध्ये वरच्या ओळी मला उंच पडतात आणि कॅपो (मानेवर लावायचा तारा दाबणारा चिमटा) पट्टी फक्त वर नेतो, खाली नाही. तेव्हा प्राइनचंच उदाहरण घेतलं. १९९८ मध्ये त्याच्या मानेवर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं आणि आवाज खोल, खरखरीत झाला. त्याने जुनी गाणी खालच्या पट्टीत घेतली आणि ती त्याला पुन्हा नवी वाटायला लागली. मी सहाही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या. अकराच्या बारीक तारा लगेच फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडायला लागल्या, तेराच्या जाड तारा लावल्यावर आवाज भरला. बोटांना मात्र पहिला आठवडा भारी गेला. (तेराच्या तारा कायम नेहमीच्या सुरात ठेवणार असाल तर आधी गिटारच्या मानेचा विचार करा.)

सराव कंटाळवाणा झाला की मी त्याच्या कारकिर्दीबद्दल वाचत बसतो. माणूस पोस्टमन होता आणि टपाल वाटत चालताना गाणी जुळवायचा. १९७० मध्ये चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्टने शिकागोच्या एका छोट्या क्लबमध्ये त्याला ऐकलं आणि वर्तमानपत्रात ‘गाणारा पोस्टमन’ म्हणून लिहिलं. पुढे अटलांटिक, मग असायलम, अशा मोठ्या कंपन्या झाल्या. त्या सोडून १९८१ मध्ये व्यवस्थापक अल बुनेटाबरोबर स्वतःची ‘ओ बॉय रेकॉर्ड्स’ काढली. पुढच्या अल्बमचा खर्च निघेल इतके पैसे चाहत्यांनी आगाऊ टपालाने पाठवले. पोस्टमनला हे शोभतंच! तो अल्बम, ‘एमलेस लव्ह’, १९८४ मध्ये आला. मला स्वतःला त्यापेक्षा १९९१ चा ‘द मिसिंग इयर्स’ जास्त आवडतो. त्याला ग्रॅमी मिळालं, आणि पाहुण्या गायकांत फिल एव्हर्ली आहे, म्हणजे वरच्या त्या आइकचा मुलगा. २०१८ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, त्याच घरच्या कंपनीतून काढलेला अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम-क्रमवारीत थेट पाचव्या क्रमांकावर गेला. इतका वर तो मोठ्या कंपन्यांत असतानाही कधी गेला नव्हता. ७ एप्रिल २०२० ला कोविडने गेला.

पुढच्या महिन्यात ९६ पार करायचं आणि तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या खोक्यावर जिथे अडकवलेल्या असतात तिथे) टेकवून बेस दाबायला शिकायचं, ट्रॅव्हिस दाबायचा तसा. सध्या दाबायला गेलं की चौथी तार पूर्णच मुकी होते. कुणाला तळहाताची नेमकी जागा सापडली असेल तर ब्रिजपासून किती मिलिमीटर ते सांगा.