चिचि

आज पुन्हा तेच. जपानीतल्या सरावाच्या इंटरव्ह्यूत सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या जपानी बाईंनी, विचारलं, वडील काय करतात? माझ्या तोंडून गेलं, "ओतोसान शेती करतात." त्यांनी मला तिथेच थांबवलं. "चिचि." ओतोसान दुसऱ्याचे. परक्यांशी बोलताना आपले वडील म्हणजे चिचि. हे एन-५चं, जपानीच्या परीक्षेतल्या सगळ्यात खालच्या पातळीचं. मी एन-३ पास आहे, जुलैच्या पहिल्या रविवारी एन-२ला बसायचंय. यंदाची फी कुठून आली ते... जाऊ दे.

क्रियापद शेवटी, नामाच्या मागे प्रत्यय, आपल्या मराठीसारखंच, म्हणून तर ही भाषा धरली होती.

साहेबाचं जमतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की आपल्याच साहेबाच्या नावापुढचा मानाचा 'सान' काढून 'तनाका आत्ता जागेवर नाही' म्हणायचं, ते मी बिनदिक्कत म्हणते. अडतं ते नानांपाशी. 'माझा बाप शेती करतो' असं चारचौघांत म्हटल्यासारखं वाटतं. एक्स्पोर्टच्या नोकरीसाठी आधी बापाचा मान उतरवायचा? दुपारभर कुढत होते.

संध्याकाळी ओट्यावर घोकत बसले, चिचि, चिचि. आजी निवडायला घेतलेली तूर बाजूला ठेवून म्हणाली, "कोनले छी-छी करी ऱ्हायनी व?"

हसू आलं, आणि होस्टेलचा जिना आठवला. पहिल्या वर्षी फोनवर मी विचारलं होतं, "नाना, तू कव्हय उना?" रूममेट बघतच राहिली. बापाला तू? दुसऱ्या दिवसापासून मी नानांना तुम्ही म्हणू लागले. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग नाना म्हणाले, "रागमा शे का?"

म्हणजे आमच्या घरात मान कधी नव्हताच तर! तो मी पुण्याहून आणला, आणि आता जपानी बाई तो उतरवायला सांगते तर मला रडू येतंय. अमळनेरात कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

अकरा वाजलेत. रात्रीची लाईट आहे, नाना पाणी द्यायला मळ्यात गेलेत. बॅटरी इथेच कोनाड्यात विसरलेत. फोन लावते.

"नाना, कव्हय येस?"