सतरा नंबरचा फॉर्म आणि ‘सकारण स्पष्ट करा’

शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावीला बसायचं असेल तर बोर्डाकडे १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मी तो २०२३ साली भरला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आठवी झाली आणि माझी शाळा सुटली होती. परीक्षा झाल्यापासून बायका मला गणिताचं कसं केलंस, इंग्रजीचं कसं केलंस असं विचारतात. ते केलं कसंबसं. मला सांगायचंय ते इतिहास आणि राज्यशास्त्राबद्दल, कारण फॉर्म भरला तो त्यासाठीच.

जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत मी महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीची सदस्य झाले. उभी राहा म्हणाले, उभी राहिले, निवडून आले. पहिली दोन वर्षं मासिक सभेत ग्रामसेवक भाऊ बोट ठेवतील तिथं सही करायची, चहा घ्यायचा आणि घरी यायचं. एक दिवस आमच्या आळीतले तात्या पाण्याच्या टाकीपाशी भेटले. म्हणाले, “सूनबाई, आपल्या आळीचं गटार मागं पडलं आणि वेशीवरची कमान पुढं आली. ठरावावर तुझी बी सही हाय म्हणं. कारण काय झालं?”

मला कारण माहीत नव्हतं. ठराव मी वाचलाच नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

फॉर्म भरताना पहिली अडचण नावाची आली. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या शाळेतला, त्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. संपर्क केंद्र म्हणून मिळालेल्या हायस्कूलच्या क्लार्कनी सांगितलं की दाखल्यावर आहे त्याच नावानं फॉर्म जाईल. त्यामुळे हॉल तिकिटावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आलं. एवढ्या वर्षांनी ते छापलेलं बघून मी कागद दोनदा उलटसुलट केला. कोणाला भरायचा असेल तर दाखल्याची अस्सल प्रत आधी शोधा. हरवला असेल तर दुय्यम प्रत काढण्यात महिना जातो, आणि ऑनलाइन अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

पुस्तक दिराच्या मुलाचं मिळालं, जुनं, कडा दुमडलेलं. मला वाटलं होतं, इतिहास म्हणजे लहानपणी चौथीत वाचलेले शिवाजी महाराज, गड, लढाया. पहिला धडा उघडला तर ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’. देकार्त, व्होल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको, सगळे युरोपातले विचारवंत. दहावीच्या या पुस्तकात राजांची ओळीनं गोष्ट नाहीच. इतिहास लिहितात कसा, तो कलेत, वर्तमानपत्रात, खेळात, पर्यटनात कुठं दिसतो, तो जपायचा कसा, असे नऊ धडे. मग राज्यशास्त्राचे पाच. पेपर ४० गुणांचा, त्यात इतिहास २८ आणि राज्यशास्त्र १२, वेळ दोन तास. भूगोलाचा पेपर वेगळा, तोही ४० चा, आणि उरलेले २० शाळेकडून.

पहिला महिना मी नावं घोकली. भाकरी थापताना ‘आधुनिक इतिहासलेखनाचा जनक व्होल्टेअर’, धुणं धुताना ‘डिसकोर्स ऑन द मेथड म्हणजे देकार्त, मार्क्स नव्हे’. हे दुसरं स्वाध्यायातल्या चुकीच्या जोडीत विचारलंय. रात्री पाठ झालेलं सकाळी गायब. शेजारच्या गावात हायस्कूलच्या एक निवृत्त बाई राहतात, त्यांच्याकडे रविवारी जायला लागले. बाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “रांके काय म्हणतो ते तुझ्या भाषेत सांग.”

मी अडखळत म्हणाले, “ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. मनानं रचून लिहू नका. मूळ कागद बघा, आणि तो खरा आहे का तेही तपासा.”

“मग हे तुला ग्रामपंचायतीत दर महिन्याला लागतं की गं.”

त्या दिवसापासून नावं बसायला लागली, कारण प्रत्येकाच्या मागं एक म्हणणं आहे हे कळलं. हेच काम आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी केलं. कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकारानं. त्यांच्या पहिल्या खंडातले कागद वाईला सापडले होते. वाई आमच्यापासून एसटीनं तासाभरावर. बाजाराला कितीदा गेले असेन तिथं. आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणारी बाई. तिच्याबद्दलच्या चार ओळी मी पुस्तकात एवढ्या वेळा वाचल्या की पान सुटं झालं.

साधनांच्या जतनाचा धडा वाचत होते तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या भैरोबाच्या देवळाबाहेर एक दगड आहे. त्यावर नारळ फोडतात. कुणीतरी कधीतरी निळा ऑइलपेंट फासलेला, वर शेंदूर, वर तेल. बाईंना त्याचं वर्णन सांगितलं तर त्या म्हणाल्या, घासू नकोस, खरवडू नकोस, साध्या पाण्यानं मऊ फडक्यानं पूस आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बघ. मी आणि सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, दोघी गेलो. पुसता पुसता खालच्या चौकटीत घोडा दिसला, मग तलवार धरलेला हात. मधल्या चौकटीत तो माणूस, दोन्ही अंगाला अप्सरा. वर शिवाची पिंड, हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. वीरगळ. लढून मेला, स्वर्गात नेला, शिवापाशी पोचला, आणि चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याची आठवण राहो, असं ते दगडात सांगितलेलं.

आत्या चाळीस वर्षं त्याला तेल घालत होत्या. त्या खाली बसल्या आणि घोड्यावर बोट फिरवत म्हणाल्या, “मेला कशापायी गं ह्यो? गुरं पळवली असतील का कुणी?” गुरं सोडवताना पडलेल्यांचेही वीरगळ असतात, हे मला बाईंनी नंतर सांगितलं. आत्या शाळेत गेलेल्या नाहीत. नारळ फोडायला आम्ही शेजारी दुसरा दगड ठेवला. थोडी कुरबूर झाली, पण आत्यांपुढं कोण बोलणार.

राज्यशास्त्राची मला काळजी नव्हती. म्हटलं, हे तर आपण रोज करतो. पहिल्याच धड्याच्या स्वाध्यायात रिकामी जागा होती : महाराष्ट्रात स्थानिक शासनसंस्थांमध्ये महिलांसाठी किती टक्के जागा राखीव आहेत? पर्याय २५, ३०, ४०, ५०. ती पन्नास टक्के म्हणजे मी! ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तिनं एक तृतीयांश जागा दिल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. माझ्या खुर्चीमागं एवढं सगळं आहे हे मला त्या एका रिकाम्या जागेनं सांगितलं.

पण सराव पेपरात राज्यशास्त्रातच १२ पैकी ५ पडले.

प्रश्न होता : ‘माहितीच्या अधिकारामुळे शासनाच्या कारभारातील गोपनीयता वाढली आहे.’ चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा. मी दीड पान लिहिलं. आमच्याकडे एकानं नळयोजनेच्या बिलांच्या नकला मागितल्या, मग काय धावपळ झाली, कोण कोणाला काय बोललं, सगळं. बाईंनी दोनपैकी अर्धा दिला. मला रागच आला. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं होतं.

बाई म्हणाल्या, “हे विधान चूक आहे, असं कुठं लिहिलंयस दाखव.” नव्हतं लिहिलेलं. “आता कारण दाखव.” तेही नव्हतं. काय घडलं ते होतं, का घडलं ते नव्हतं. मग त्यांनी तिथंच लिहून घेतलं. पहिली ओळ : हे विधान चूक आहे. पुढे कारणं, एकाखाली एक : सरकारी कारभाराची माहिती मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे हे २००५ च्या कायद्यानं मान्य केलं. त्यामुळे कारभार उघड्यावर आला आणि गोपनीयता कमी झाली. माहिती मागितली जाईल हे ठाऊक असल्यानं अधिकाऱ्यांवर आणि लोकप्रतिनिधींवर उत्तर देण्याची जबाबदारी आली. झालं, पाच-सहा ओळी. नळयोजना हवी तर शेवटच्या ओळीत उदाहरण म्हणून.

या एका गोष्टीसाठी मी दोन महिने घालवले. रोज एक विधान घ्यायचं आणि त्याला तीन कारणं शोधायची. आधी मला दुसरं कारण म्हणजे पहिलंच वेगळ्या शब्दांत सुचायचं. बाई लाल पेनानं दोन्हींना जोडणारी रेघ ओढायच्या : हे एकच आहे. पुढं पुढं सवय एवढी लागली की घरात पोरगा क्लासला जात नाही म्हणाला की मी विचारायची, “तीन कारणं सांग.” तो वैतागायचा, पण दोन तरी सांगायचा.

निवडणूक प्रक्रियेचा धडा करताना बाईंनी पुस्तकाबाहेरची एक गोष्ट सांगितली. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक, सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त. मतदार याद्या करायला माणसं घरोघर गेली तर कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन म्हणाले, अशी नोंद चालणार नाही, नाव हवं. जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीत येऊ शकली नाहीत. उत्तरेकडच्या राज्यांत हे जास्त झालं. ऐकून मी हॉल तिकीट काढून पुन्हा बघितलं. मीही सभेच्या हजेरीत दोन वर्षं सही केली होती, पण गावात मला सगळे ‘मेंबरीणबाई’ नाहीतर आमच्या ह्यांच्या नावानं ओळखायचे. माझं माहेरचं नाव माझ्या पोरालाही नीट सांगता येत नव्हतं. आता येतं.

मार्च २०२४. परीक्षा तालुक्याच्या गावी. इतिहासाचा पेपर अगदी शेवटाकडे असतो, तोवर पोरं कंटाळलेली असतात. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “काकू, इतिहास सोपा असतो, पानं भरायची फक्त.” अकरा वाजता घंटा झाली. मी पानं भरली नाहीत. संकल्पनाचित्रं पेन्सिलीनं काढली, टिपा मोजून लिहिल्या, उताऱ्याची उत्तरं उताऱ्यातूनच दिली. सविस्तर उत्तरांत थोडा वेळ जास्त गेला. ‘सकारण’ला आले तेव्हा हात थरथरत नव्हता. पहिली ओळ, मग कारणं, एकाखाली एक. दोन पुरी आणि तिसऱ्याला पेन ठेवलं तर शेवटची दहा मिनिटं राहिल्याची घंटा.

वेळ संपताना पर्यवेक्षक मॅडम बाकांमधून फिरत सांगत होत्या, “उरलेल्या कोऱ्या पानांवर तिरपी रेघ मारा. कोरं पान तसंच सोडू नका.” माझी चार पानं उरली होती. पट्टीनं चारही पानांवर रेघ मारली.

मेअखेरीस निकाल लागला. सामाजिक शास्त्रांत १०० पैकी ६६. गुणपत्रिकेत इतिहास-भूगोल एकत्रच येतात, त्यामुळे एकट्या इतिहासाचे किती ते कळलं नाही. बाईंना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, “आणि गटाराचं काय झालं?”

गटाराचा विषय जूनच्या मासिक सभेत मी पुन्हा ठेवला. लेखी दिला, तीन कारणांसह : शाळेची वाट त्याच आळीतून जाते, पावसात सांडपाणी विहिरीकडे उतरतं, आणि गावाच्या विकास आराखड्यात हे काम कमानीच्या आधीचं आहे. तिसऱ्या कारणासाठी मी आदल्या आठवड्यात आराखड्याची नक्कल मागून घेतली होती. चर्चा बरीच झाली, दोघंजण चिडले, पण ठराव झाला. सभा संपली, चहा आला, प्रोसिडिंगचं रजिस्टर सह्यांसाठी फिरत माझ्यापर्यंत आलं. मी वाचायला घेतलं. सगळे थांबले. शेवटचा ठराव आणि सह्यांची जागा यांच्या मधे सात-आठ ओळी कोऱ्या होत्या.

“ताई, ते राहू द्या, नंतर टिपण लिहायला लागतं तिथं,” ग्रामसेवक भाऊ म्हणाले.

“टिपण पुढच्या पानावर लिहा, भाऊ,” मी म्हणाले, आणि पेन घेऊन त्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारली. मग तिच्या खाली सही केली.