गेलेल्या ओव्या: झेडएफएस स्नॅपशॉटमधून 43 परत, 3 बाकी

शनिवार, रात्री 10. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या 46 फाइली आज संध्याकाळी 5:40 ला माझ्या हातून उडाल्या. नावं बदलायच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचा रस्ता चुकला होता. लक्षात आलं सव्वासहाला. फाइली झेडएफएसवर आहेत. या फाइल सिस्टिममध्ये डेटाची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था, म्हणजे स्नॅपशॉट, धरून ठेवता येते; माझ्याकडे तो दर तासाला निघत होता.

पहिला विचार रोलबॅकचा, म्हणजे सगळंच जुन्या स्नॅपशॉटवर मागे नेण्याचा आला, पण हात आवरला. 6 वाजताचा स्नॅपशॉट फाइली उडाल्यानंतरचा, म्हणजे मला 5 च्या स्नॅपशॉटवर जावं लागणार. मधला स्नॅपशॉट पुसल्याशिवाय झेडएफएस तसं करू देत नाही. शिवाय पाचनंतर मी चार ओव्या ऐकून लिहून काढल्या होत्या, त्याही गेल्या असत्या.

मग स्नॅपशॉटांची यादी काढली आणि पोटात गोळा आला. उडालेला ऐवज 2 जीबीच्या वर, आणि ‘यूज्ड’ रकान्यात प्रत्येक स्नॅपशॉटसमोर जेमतेम काही केबी! थोडं थांबून विचार केला तेव्हा उलगडलं. त्या रकान्यात फक्त त्या एकाच स्नॅपशॉटच्या मालकीची जागा दिसते. माझे ब्लॉक (फाइलींचे डिस्कवरचे तुकडे) 3, 4 आणि 5 वाजताच्या तिन्ही स्नॅपशॉटांनी धरून ठेवलेले, म्हणून ते कुणाच्याच खात्यावर पडत नव्हते. खरा आकडा डेटासेटच्या (ओव्या ठेवलेल्या झेडएफएसच्या विभागाच्या) ‘यूज्ड बाय स्नॅपशॉट्स’मध्ये होता. नव्याने असे प्रयोग करणाऱ्यांनी तोच आधी बघावा.

5 च्या स्नॅपशॉटवर लगेच ‘होल्ड’, म्हणजे पुसायला बंदी, लावला, नाहीतर रोजच्या साफसफाईत तोही गेला असता. आता तो पुसायला गेलं की ‘डेटासेट इज बिझी’ असं उत्तर येतं. मग स्नॅपशॉटनंतर काय बदललं ते दाखवणारं ‘झेडएफएस डिफ’ चालवलं. एकाखाली एक वजाच्या (म्हणजे पुसलेल्या फाइलींच्या) खुणा, प्रत्येकीपुढे एकेका ओवीचं नाव. ‘डॉट झेडएफएस’ हे फोल्डर एरवी यादीत दिसतच नाही, नाव टाइप करूनच आत शिरावं लागतं. आतल्या ‘स्नॅपशॉट’ फोल्डरमधून 43 फाइली साध्या कॉपीने परत आणल्या. पहिली हेडफोन लावून ऐकली. जात्याची घरघर, मग आजीचा श्वास, मग ओवी. सगळं जागच्या जागी.

उरलेल्या तीन मी रेकॉर्डरवरून 5:20 ला डिस्कवर टाकल्या होत्या, त्यामुळे त्या एकाही स्नॅपशॉटमध्ये नाहीत. जुन्या उबरब्लॉकवरून (साठ्याच्या एकेका क्षणाच्या अवस्थेची मूळ नोंद) पूल, म्हणजे अख्खा साठाच, मागे नेता येईल का, तेही पाहिलं. माझ्या डिस्कवर 4 केबीच्या सेक्टरमुळे या नोंदींसाठी राखलेल्या 128 केबीत 32 च उबरब्लॉक मावतात. लेखन सतत चालू असलं की साधारण दर 5 सेकंदांनी एक नवा पडतो, म्हणजे सगळा मिळून अडीच-पावणेतीन मिनिटांचा इतिहास. मला कळलं तेच पस्तीस मिनिटांनी. तो नाद सोडला.

रविवार, सकाळ. रेकॉर्डरचं कार्ड काल रात्रीच बाजूला काढून ठेवलंय, त्यावर काहीही लिहू द्यायचं नाही. आज त्याची हुबेहूब प्रत काढून त्या तीन ओव्या शोधते. ओव्यांच्या डेटासेटचा स्नॅपशॉट आता दर दहा मिनिटांनी.