अवयव हाती नाही, तरी संयुक्तच: २^१२७७ − १

२^१२७७ − १ ही ३८५ अंकी संख्या मूळ नाही, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. पण १ आणि ती स्वतः सोडली, तर तिला नि:शेष भाग देणारी एकही संख्या आजवर सापडलेली नाही. p मूळ असताना २^p − १ या रूपात येणाऱ्या संख्यांपैकी अशी ही सर्वांत लहान. तिच्या शेजारची २^१२७९ − १ मात्र मूळ निघाली, तीही १९५२ मध्येच.

अवयव न शोधता संयुक्त ठरवायचं ते लुकास-लेमर कसोटीने. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. असं p − २ वेळा. शेवटी ० आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. २^११ − १ म्हणजे २०४७ साठी हाताने करून पाहा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य आलं नाही, निकाल लागला. २०४७ = २३ × ८९ हे यात कुठेच डोकावलं नाही, आणि मला या कसोटीचं हेच सर्वांत मोठं सौंदर्य वाटतं. १२७७ साठी १२७५ फेऱ्या लागतात. संगणकाला ते क्षणाचं काम.

प्रोग्राम फसतो तो बाकी काढताना. इथे भागाकार लागत नाही: खालचे १२७७ बिट्स (द्विमान अंक) ठेवायचे, वरचे कापून त्यांत मिळवायचे. पण उत्तरात सगळे बिट्स १ आले तर ते शून्यच धरायचं असतं. हे राहिलं की मूळ संख्याही संयुक्त दिसते. म्हणून आधी p = १३, १७, १९, ३१ वर शून्य येतंय ना, ते बघून घ्या.

फर्माची कसोटी अशी: n मूळ असेल, तर तिने भाग न जाणाऱ्या कुठल्याही पायाच्या n − १ व्या घाताला n ने भागल्यावर बाकी १ येते. ती वापरायची तर पाया २ चुकूनही घेऊ नका. या रूपातली प्रत्येक संख्या त्या पायावर पास होते, २०४७ सुद्धा. पाया ३ घेतला की ३^२०४६ ची बाकी १०१३ येते आणि सोंग उघडं पडतं.

आता अवयवांचा शोध. कुठलाही मूळ अवयव २५५४k + १ असाच असणार (२५५४ म्हणजे २ × १२७७, k पूर्ण संख्या), आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरणार. त्यामुळे k = ३, ४, ७, ८, ११, १२... एवढेच उरतात. ७६६३ = ७९ × ९७, १०२१७ = १७ × ६०१, १७८७९ = १९ × ९४१; पुढच्या दोघांना ३ आणि ५ ने भाग जातो. पहिला खरा उमेदवार ३०६४९. २^१२७७ ला त्याने भागून बाकी काढू. १२७७ द्विमानात १००११११११०१, म्हणजे १० वेळा वर्ग आणि ७ वेळा दुप्पट. २^१२७७ ची बाकी येते १२३८६. ती १ नाही, म्हणून ३०६४९ बाद. आकडेमोड बरोबर आहे ना, याचा पडताळाही आहे: ३०६४८ = २४ × १२७७, तेव्हा १२३८६ च्या २४व्या घाताची बाकी १ यायलाच हवी. वर्ग केला की १४७५१, त्याचा वर्ग १४७५०, बरोबर एकने कमी. त्यावरून ६वा घात −१, म्हणून १२वा घातच १ होतो.

अवयव शोधण्याच्या पोलार्डच्या p − १ पद्धतीत (इथला p म्हणजे शोधायचा अवयव) घातांकात २ × १२७७ आधीच गुणून ठेवा, कारण अवयवातून १ वजा केल्यावर तो गुणक असतोच. इथेही पाया ३ च. पाया २ घेतला तर १२७७ गुणल्याबरोबर सगळ्या अवयवांसाठी बाकी एकदम १ होते, आणि मसावि म्हणून पूर्ण संख्याच परत हातात येते.

छोटा अवयव असता तर इलिप्टिक कर्व्ह पद्धतीला तो केव्हाच लागला असता. उरतो स्पेशल नंबर फील्ड सीव्ह. त्याने २०१२ मध्ये ३२० अंकी २^१०६१ − १ फोडली, तिचे अवयव १४३ आणि १७७ अंकी निघाले. या पद्धतीत अवयव किती मोठा याने फरक पडत नाही, संख्या किती मोठी याने पडतो. आणि इथे ६५ अंक जास्त आहेत.