थालीपीठाच्या बोर्डाची पोकळ अक्षरं

वहिनींनी नौपाड्यात थालीपीठाचा छोटा गाळा घेतला आणि बोर्डाचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. "भावजी, जुन्या पोस्टरवर असायची ना तशी गुबगुबीत अक्षरं हवीत, आतून पोकळ आणि खाली सावली," एवढीच ऑर्डर. इंग्रजीत असले फॉन्ट ढिगाने मिळतात, बंजी नावाच्या फुकट फॉन्टमध्ये तर आउटलाइन, इनलाइन, सावली असे थर एकावर एक चढवता येतात, पण त्यात देवनागरीच नाही. आणि मराठी नाव कोपऱ्यात बारीक टाकून चालत नाही, दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटीचा नियम लागू आहे, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको.

मग म्हटलं जाडजूड फॉन्ट घेऊ आणि आपणच पोकळ करू. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे 'मोदक' आणि 'बलू', दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट, धंद्यासाठी वापरायलाही मोकळे. मोदक बघून वहिनी खूश, पण तो एवढा फुगलेला की अक्षरांच्या पोटातली जागा म्हणजे नुसत्या चिरा, रेघ मारली की त्याही बुजतात. म्हणून बलूचा एक्स्ट्रा बोल्ड घेतला.

खरी मजा शिरोरेघेची. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून नुसता स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, दिला तर प्रत्येक अक्षराला स्वतःची रेघ येते, त्यामुळे 'ली' आणि 'पी' जिथे भेटतात तिथे शिरोरेघेवर उभे काप दिसतात, काना वेगळा, वेलांटी वेगळी, सगळा शब्द तुकडे चिकटवल्यासारखा. त्यावर उपाय सोपा आहे, टेक्स्टचा पाथ करायचा (म्हणजे फॉन्ट जाऊन नुसते आकार उरतात), ग्रुप सोडायचा आणि तुकडे एक करणारं युनियन मारायचं, मग अख्ख्या शब्दाभोवती एकच सलग कड येते. कोरलड्रॉ वापरणारे यालाच वेल्ड म्हणतात.

तरीही 'थ' सुधरेना. थ च्या डोक्यावर शिरोरेघ तुटलेली असते, कड बाहेरच्या बाजूला वाढवली की ती फट बुजते, गाठही भरते आणि लांबून सरळ 'यालीपीठ' वाचलं जातं (ध, भ वाल्यांनी पण सांभाळा, घ आणि म होतात). शेवटी रेघ बाहेर न वाढवता इनसेट करून आत घेतली, फट उलट मोकळी झाली, आणि मूळ आकाराची कॉपी उजवीकडे खाली सरकवून सावली केली.

बोर्डवाल्या दादांनी आधी विचारलं फॉन्ट कुठला, आमच्याकडे श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे, पण सगळे पाथच असल्याने तो प्रश्न मिटला. त्यांनी एकच सांगितलं, रेघ जाड करा, बारीक असली तर व्हिनाइल सोलताना फाटते. ते ऐकलं म्हणून बरं झालं. मरून रंगाच्या पाटीवर पिवळी रेघ, झक्कास दिसते.

आता वहिनींना मेन्यूकार्डही त्याच अक्षरात हवंय, त्याला मी ठाम नाही म्हटलंय, त्या साइझला रेघा एकमेकींना चिकटतात आणि गिऱ्हाईक भाव विचारत बसेल, मेन्यू 'मुक्ता' नावाच्या साध्या फॉन्टमध्येच जाणार.