धक्क्यावरचा वजनकाटा

उत्तर कॅनडातल्या थेलॉन नदीवर सहाजणांची 16 दिवसांची कनू (वल्ह्यांनी चालवायची लांब, अरुंद होडी) मोहीम निघणार होती. त्या दिवशी यलोनाइफ या गावच्या विमान-धक्क्यावर मी माणसांसकट सगळं पुन्हा काट्यावर चढवलं. कागदावर एकूण 931 किलो होते: माणसं 462, घडीच्या तीन कनू 81, कोरडा शिधा 102, सामाईक सामान 130, वैयक्तिक 156. आम्हाला नदीवर सोडणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या ट्विन ऑटर विमानाला त्या अंतरासाठी वैमानिकाने 970 किलोची मर्यादा घातली होती. काट्याने दाखवले 1,007.

फरक कुठून आला ते शोधायला सगळे आकडे एकेक करून ताडले. फॉर्मवर लिहिलेली माणसांची वजनं घरच्या कपड्यांतली. बूट, जाकीट आणि खिशातल्या वस्तूंनी 30 किलो वाढवले. शिध्याची 60 लिटरची चार निळी पिंपं पट्ट्यांसकट साडेचार किलोची एकेक, पण हिशोबात फक्त आतला शिधा धरलेला. उरलेले तब्बल 28 किलो वैयक्तिक पिशव्यांमधून निघाले.

"राखीव चार दिवसांचा शिधा काढला तर वीस किलो सुटतील," एकाने सुचवलं. हे मी कधीही मान्य करत नाही. थेलॉन पुढे बेव्हर्ली, अ‍ॅबरडीन आणि शुल्ट्झ या सरोवरांतून जाते. तिथे वारा अडवायला झाडं नाहीत; लाटा उसळल्या की भरलेली कनू पाण्यात घालता येत नाही. तंबूत पडून राहायचं आणि वारा पडला की, मध्यरात्र असली तरी, वल्ही हाणायची. जुलैत तेव्हाही पुरेसा उजेड असतो. असे दिवस वाया जाणार हे धरूनच माणशी रोज 850 ग्रॅम या मापाने 20 दिवसांचा शिधा घेतला होता. तिकडे सरपण मिळत नाही, म्हणून स्टोव्हच्या इंधनालाही हात लावायचा नव्हता. ते प्रवासी विमानातून आणता येत नाही, यलोनाइफमध्येच विकत घ्यावं लागतं. कनू घडीच्या घेतल्या, कारण मोहीम बेकर लेक गावात संपते आणि तिथून त्या पिशव्यांत भरून प्रवासी विमानाने परत आणता येतात.

मग बिडाचं जाड पातेलं (7 किलो), सहा घडीच्या खुर्च्या (6), जास्तीचे कपडे (14) आणि टिनातले मासे-फळं (11) धक्क्यावरच राहिलं. काटा 969 वर आला.

पाणी आरशासारखं सपाट होतं. अशा पाण्यात विमानाचे तरंडे (पाण्यावर तरंगण्यासाठी खाली लावलेले पोकळ तराफे) चिकटल्यासारखे राहतात, उड्डाणाला लांब धाव लागते. म्हणून वैमानिक झुळकेची वाट पाहत होता. तेवढ्यात त्याने अस्वलांसाठीचे तिखटाचे फवारे केबिनमधून काढून तरंड्यांच्या कप्प्यांत ठेवायला लावले. हवेत एखादा फुटला, तर त्याला डोळे उघडता येणार नाहीत.